नव्या घराची पहिली सफाई



गवंडी गेला, सुतार गेला, रंगारीहि आपली शिडी आणि डबे उचलून गेला, म्हणजे घर तयार झालें असें आपण समजतों. किल्ली हातांत येते. वास्तुशांतीचा मुहूर्त आधींच काढलेला असतो, आमंत्रणें गेलेलीं असतात. आणि मुहूर्ताच्या आदल्या दिवशीं कोणाच्या तरी लक्षांत येतें कीं, घर झाडून घ्यावयाचें राहिलेंच! मग दोन बाया, दोन केरसुण्या आणि ॲसिडची एक बाटली एवढ्या सामग्रीवर चार खोल्यांचें घर एका दुपारीं 'स्वच्छ' करून घेतलें जातें. दुसऱ्या दिवशीं होमाच्या धुरांत धुळीकडे कोणाचें लक्ष जात नाहीं. परंतु पंधरा दिवस लोटतात आणि तक्रारी सुरू होतात. कितीहि पुसलें तरी टेबलावर पांढरी पूड दिसते. खिडकीच्या तावदानावर ओरखडे आहेत. संगमरवराची झळाळी गेली. नळाला धार बारीक येते. मोरींत पाणी तुंबतें. आणि धाकट्याचा खोकला कांहीं केल्या हटत नाहीं. या तक्रारींचें मूळ पुष्कळ वेळां त्या एका घाईच्या दुपारींत सांपडतें.

मुंबई-पुण्यासारख्या शहरांत जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहात आहेत. राहत्या घरांतहि स्वयंपाकघर किंवा न्हाणीघर नव्यानें करून घेण्याची चाल पडली आहे. बांधकामानंतरची सफाई हाच ज्यांचा धंदा आहे असे लोकहि आतां मोठ्या शहरांतून मिळूं लागले आहेत. त्यांनीं सांगितलेली रक्कम ऐकून, "केर काढावयाला एवढे पैसे?" असा प्रश्न घरोघर विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. त्याचें उत्तर द्यावयाचें तर हा केर नेहमींच्या केराहून निराळा कां, हें आधीं पाहिलें पाहिजे.

आपल्या रोजच्या केरांत कापडाचे तंतू, केंस, पायांबरोबर आलेली माती, अन्नाचे कण असें मऊ द्रव्य बरेंच असतें. बांधकामाच्या धुळींत वाळू असते, सिमेंट असतें, गिलाव्याची आणि लांबीची पूड असते, फरशी कापतांना उडालेला दगड असतो. यांतील वाळू म्हणजे बहुतांशीं क्वार्ट्‌झ, मराठींत गारगोटी. फ्रीड्रिख मोस या जर्मन खनिजशास्त्रज्ञानें १८१२ सालीं खनिजांच्या कठीणपणाची एक ते दहा अशी पायरी लावून दिली. तींत गारगोटी सातव्या पायरीवर बसते, खिडकीची कांच साडेपांचच्या आसपास आणि संगमरवर तिसऱ्या पायरीवर. जें वरच्या पायरीवर असेल तें खालच्याला ओरखडतें. तेव्हां नव्या खिडकीवरची धूळ कोरड्या फडक्यानें जोर लावून पुसणें म्हणजे कांचेवर पॉलिश-पेपर फिरविणेंच होय. फडकें कितीहि मऊ असो, ओरखडा फडकें काढीत नाहीं, फडक्याखालचा कण काढतो. म्हणून जाणता कामगार तावदानाला हात लावण्यापूर्वीं त्यावर भरपूर पाणी सोडतो, कण वाहून जाऊं देतो, आणि मगच पुसतो. फरशीवरहि हाच नियम. झाडण्याच्या आधीं घासावयास बसूं नये, आणि वाळूवरून फर्निचर ओढूं नये.

दुसरी गोष्ट धूळ खालीं बसण्याची. माणसाचा केंस सुमारें ७० मायक्रॉन जाड असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. गारगोटीचा १० मायक्रॉनांचा कण स्थिर हवेंत सेकंदाला जेमतेम ८ मिलिमीटर खालीं येतो. तीन मीटर उंचीच्या छतापासून जमिनीपर्यंत पोंचावयास त्याला सहा मिनिटें पुरतात. परंतु एक मायक्रॉनाच्या कणाचा हिशेब वेगळा आहे. कण दहापट लहान झाला कीं त्याची गति जवळजवळ शंभरपट मंदावते. तोच प्रवास करावयास त्याला नऊ-दहा तास लागतात, आणि तेहि हवा अगदीं निश्चल असेल तर. एखाद्यानें पंखा लावला, दार उघडलें, केरसुणी जोरानें फिरविली, कीं तो पुनः छताकडे निघतो. दुपारीं लखलखीत पुसलेलें टेबल सकाळीं पांढरें दिसतें तें यामुळें. यांत कामगाराची कुचराई नसते. रात्रभर खोलींत तरंगत असलेली धूळ पहांटेपर्यंत खालीं आलेली असते, इतकेंच. म्हणून एका दिवसांत उरकलेली सफाई, मग ती कोणीहि केलेली असो, अपुरीच राहते. मधें किमान एक रात्र गेली पाहिजे.

धंदेवाईक लोक हें काम तीन हप्त्यांनीं करतात तें याच कारणानें. पहिल्या हप्त्यांत राडारोडा, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, लांकडाचे तुकडे, खिळे, कागद हें सर्व घमेल्यांनीं बाहेर जातें. दुसरा हप्ता मुख्य सफाईचा. तिसरा, एक-दोन दिवसांनीं, बसलेली धूळ टिपण्याचा आणि राहिलेले डाग काढण्याचा. मुख्य सफाईचा क्रम ठरलेला असतो: वरून खालीं, आणि आंतल्या खोलीपासून बाहेरच्या दाराकडे. छत, पंख्याचीं पातीं, दिव्यांचीं टोपणें, माळ्याची वरची बाजू, दाराच्या चौकटीची माथ्यावरची कड, कपाटांचे खण, खिडकीच्या सरकत्या पट्ट्या, आणि सर्वांच्या शेवटीं फरशी. सांगावयास हें फार सोपें वाटतें. परंतु नव्या घरांत शिरल्याबरोबर पहिली केरसुणी जमिनीवरच पडते, कारण डोळ्यांना प्रथम जमीन दिसते. मग पंखा झाडला कीं जमीन पुनः पांढरी.

धूळ उडूं न देतां उचलणें ही या कामांतली खरी विद्या आहे, आणि ती आपल्याकडे नवीन नाहीं. अंगणांत आधीं सडा आणि मग खराटा, हा क्रम आपल्या आज्या कोणत्याहि शास्त्रज्ञाला न विचारतां पाळीत आल्या. घराच्या आंत सडा घालतां येत नाहीं. तेथें ओलसर केलेला लांकडाचा भुसा फरशीवर पसरून तो हलक्या हातानें लोटीत नेला म्हणजे धूळ त्याला चिकटून जाते. भिंती व कपाटें यांसाठीं घट्ट पिळलेलें ओलें फडकें, तेंहि घडी बदलीत, आणि दोन बादल्या: एकींत फडकें खळबळावयाचें, दुसरींत स्वच्छ पाणी. एकाच बादलींत सारें घर पुसणें म्हणजे एका खोलींतील सिमेंट दुसऱ्या खोलींत नेऊन लावणें. पाणी गढूळ होतांच बदललें पाहिजे. पाणी बदलण्याचा कंटाळा हाच फरशीवर उमटणाऱ्या पांढुरक्या पट्ट्यांचा उगम.

धूळ ओढून घेणाऱ्या यंत्राची कथा मोठी गमतीची आहे. १९०१ सालीं लंडन येथें ह्यूबर्ट सेसिल बूथ नांवाच्या इंजिनिअरानें एक यंत्र पाहिलें. तें हवेचा झोत मारून धूळ उडवीत असे. धूळ ओढून कां घेऊं नये, असें बूथनें विचारलें. उत्तर मिळालें, तें अशक्य आहे. पुढें एका उपाहारगृहांत त्यानें खुर्चीच्या गादीवर रुमाल ठेवला, रुमालाला तोंड लावून जोरानें श्वास ओढला, आणि रुमालाच्या खालच्या बाजूला बसलेला धुळीचा डाग पाहिला. त्याच्या पहिल्या यंत्राचा गाडा घोडे ओढीत, तो रस्त्यावर उभा राही आणि लांब नळ्या खिडकींतून घरांत जात. १९०२ सालीं सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकापूर्वीं वेस्टमिन्स्टर ॲबेमधील गालिचे त्यानें याच यंत्रानें साफ केले. आज घरोघरीं असलेलीं लहान यंत्रें त्याच जातीचीं आहेत. पण बांधकामाच्या धुळीला साधें घरगुती यंत्र लावूं नये. जाड कण त्याच्या पिशवींत अडकतात आणि बारीक कण मागच्या बाजूनें पुनः खोलींत सुटतात. म्हणजे जें जड होतें तें गेलें आणि जें घातक तेंच हवेंत मिसळलें. यासाठीं 'हेपा' नांवाची गाळणी असलेलें यंत्र लागतें. ही गाळणी १९४० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत अणुसंशोधनाच्या कामीं निघाली, ०.३ मायक्रॉनाचे कणहि ती शेंकडा ९९.९७ इतके अडविते. सफाई करणारा मुकादम पहिल्यांदा भेटेल तेव्हां त्याला या गाळणीविषयीं अवश्य विचारावें. त्याला प्रश्नच समजला नाहीं, तर उत्तर आपल्याला समजलें.

आतां त्या ॲसिडच्या बाटलीकडे वळूं. आपल्या देशांत 'फरशीवर सिमेंट सांडलें, ओता ॲसिड' ही समजूत इतकी रुजली आहे कीं, ती उपटावयास एक भाषण पुरणार नाहीं. बाजारांत मिळणारें हें ॲसिड म्हणजे हायड्रोक्लोरिक आम्ल. तें सिमेंट विरघळवितें, हें खरेंच. पण तें सिमेंटला आणि चुनखडीच्या दगडाला वेगवेगळें ओळखीत नाहीं. संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. शहाबादी, कोटा, कडप्पा हे सर्व चुनखडीच्याच जातीचे दगड. जुन्या घरांतील मोझेइक टाइल म्हणजे सिमेंटमध्यें बसविलेल्या संगमरवराच्या कपच्या. यांवर आम्ल पडतांच बुडबुडे येतात, कार्बनडायऑक्साइड निघून जातो आणि त्याच्याबरोबर दगडाचा वरचा थरहि जातो. डाग गेला असें वाटतें. वास्तविक डागाखालची झळाळी गेलेली असते. ती परत आणावयाची तर पुनः घासाईचें यंत्र लावावें लागतें. भट्टींत भाजून काढलेल्या टाइलला आम्लाची बाधा सहसा होत नाहीं; परंतु तिच्या सांध्यांत भरलेलें सिमेंट झिजतें, वाफेनें नव्या नळांवर व पोलादी भांड्यांवर तांबूस ठिपके उठतात, आणि ॲल्युमिनियमची खिडकी तर आम्ल व सिमेंटमधील अल्कली या दोहोंनाहि बळी पडते.

मग सिमेंटचे शिंतोडे काढावयाचे कसे? सर्वांत उत्तम म्हणजे ते वाळूं न देणें. पडल्याबरोबर पाण्यानें आणि लांकडी पट्टीनें ते निघतात. गवंड्याच्या हाताखालीं त्या वेळीं कोणी उभें असलें पाहिजे. वाळल्यावर ते भिजवून, पातळ पात्यानें तिरपा हात धरून हळूहळू खरवडावे. अगदींच हट्टी डाग असेल, आणि फरशी भट्टीची असेल, तरच पुष्कळ पाणी घालून सौम्य केलेलें आम्ल वापरावें. आधीं सांधे पाण्यानें भिजवून घ्यावे, म्हणजे ते आम्ल पिऊन घेत नाहींत, आणि नंतर भरपूर पाण्यानें धुवावें. सौम्य करतांना पाण्यांत आम्ल घालावें, आम्लांत पाणी घालूं नये. उलट केलें तर तें उसळून अंगावर येतें. फरशी कोणत्या जातीची आहे हें ठाऊक नसेल तर उरलेल्या एखाद्या तुकड्यावर लिंबाचा रस टाकून पांच-दहा मिनिटें ठेवावा. तेवढी जागा निस्तेज झाली तर त्या फरशीजवळ ॲसिडची बाटली आणूंच नये. आणि एक गोष्ट प्राणावर बेतणारी आहे म्हणून निक्षून सांगतों: ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर ही जोडी एकत्र येऊं देऊं नये. त्यांतून क्लोरीन वायु निघतो. न्हाणीघरासारख्या बंद जागेंत तो माणसाला जमिनीवर आणतो.

विटांच्या नव्या भिंतीवर पांढरी बुरशीसारखी पूड फुटते, तिला आपण लोणा म्हणतों. तो धुण्याचा मोह होतो. परंतु लोणा म्हणजे पाण्याबरोबर विटेंतून वर आलेला क्षार. धुतल्यानें तो विरघळून पुनः आंत शिरतो आणि भिंत वाळली कीं पुनः बाहेर येतो. तो कोरड्या ब्रशानें झाडून काढावा. तेलाच्या रंगाचे थेंब टर्पेंटाइननें, पाण्याच्या रंगाचे ओल्या फडक्यानें. दोन्ही शक्यतों त्याच दिवशीं.

आतांपर्यंत घराच्या जिवाचें बोललों. माणसाच्या जिवाचें राहिलें. इटलींतील वैद्य बर्नार्दिनो रामाझ्झिनी यानें १७०० सालीं निरनिराळ्या धंद्यांपासून होणाऱ्या रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यांत दगड फोडणाऱ्यांच्या छातींत शिरणाऱ्या धुळीचें वर्णन आहे. त्या रोगाला आज सिलिकोसिस म्हणतात. गारगोटीचे अति बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. शरीराला ते विरघळवितां येत नाहींत, बाहेर टाकतां येत नाहींत. त्यांच्याभोंवतीं व्रणासारखी गांठ बांधली जाते आणि फुप्फुस हळूहळू ताठरतें. क्षयाची भीति वाढते. हा रोग बरा करणारें औषध नाहीं. १९९७ सालीं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें या धुळीची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या पदार्थांत केली. मध्य प्रदेशांतील मंदसोर येथील पाटीवरच्या पेन्सिली बनविणाऱ्या कामगारांत या रोगानें केवढा अनर्थ केला, हें वैद्यकांतील लोकांना ठाऊक आहे. आणि ज्यांना हा प्रश्न केवळ खाणींचा व कारखान्यांचा वाटतो त्यांनीं स्वयंपाकघरांतील ओट्याकडे पाहावें. हल्लीं क्वार्ट्‌झच्या भुकटींत राळ मिसळून बनविलेल्या कृत्रिम दगडाचे ओटे बसविण्याची हौस आहे. हा दगड कापणारे तरुण कामगार सिलिकोसिसनें खंगूं लागले, म्हणून ऑस्ट्रेलियानें १ जुलै २०२४ पासून त्याच्या वापरावर बंदी घातली. बसविलेला ओटा निरुपद्रवी आहे; तो कापतांना उडणारी पूड नव्हे. ओटा घरांत न कापतां बाहेर, पाण्याची धार सोडून, कापून आणावा असा आग्रह घरधन्यानेंच धरला पाहिजे.

चार दिवस ही धूळ श्वासांत गेली म्हणून घरच्या मंडळींना सिलिकोसिस होत नाहीं. उगाच भिण्याचें कारण नाहीं. खोकला, डोळ्यांची आग, दम्याच्या रोग्याला झटका, एवढ्यावर बहुधा भागतें. परंतु आपल्याला ही धूळ चार दिवसांची आहे, झाडणाऱ्या बाईला ती वर्षाचे तीनशें दिवस आहे. ती पदर नाकाला लावून कोरड्या केरसुणीनें झाडते तेव्हां पदरांतून जाड धूळ अडते, बारीक धूळ सरळ आंत जाते. कामगारासाठीं 'एन ९५' नांवाची मुखपट्टी मिळते, ती असे बारीक कण शेंकडा ९५ अडविते. ती चेहऱ्याला चिकटून बसली पाहिजे. तिची किंमत घराच्या किंमतीपुढें हिशेबांत धरण्यासारखी नसते. हातमोजे हवेत, कारण ओलें सिमेंट इतकें दाहक असतें कीं, कातडी भाजते. ठेका देतांना 'मुखपट्ट्या आणि हातमोजे कोण देणार' हा प्रश्न करारांत लिहून घ्यावा. तोंडीं ठरलेलें आयत्या वेळीं कोणालाच आठवत नाहीं.

जुन्या घराच्या दुरुस्तींत आणखी दोन वैरी असतात. एक शिसें. दारें-खिडक्यांवरच्या जुन्या तेलाच्या रंगांत तें पुष्कळ असे. भारत सरकारच्या नियमानुसार घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दहा लाखांत ९० भागांहून अधिक असतां कामा नये. पण हा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून अमलांत आला. म्हणजे त्याआधींच्या रंगाची खात्री कोणीं द्यावी? तो रंग कोरड्या पॉलिश-पेपरनें घासला कीं शिशाची पूड घरभर होते. रांगणारें मूल जमिनीवर हात फिरवितें आणि तेच हात तोंडांत घालतें. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला शिसें अगदीं थोड्या प्रमाणांतहि बाधक आहे. असा रंग ओला करून खरवडावा, खालीं प्लास्टिक पसरावें, तें गुंडाळून बाहेर न्यावें. आणि काम चालू असतां व सफाई होईपर्यंत मुलें व गर्भवती स्त्रिया यांना दुसरीकडे ठेवावें. दुसरा वैरी ॲस्बेस्टॉस. गच्चीवरचे, मोरीवरचे जुने करडे नालीदार पत्रे बरेचदां त्याचे असतात. ते हातोड्यानें फोडूं नयेत. भिजवून, स्क्रू काढून, अखंड उतरवावे, आणि त्याखालची जागा केरसुणीनें झाडूं नये.

बारीकसारीक गोष्टी पुष्कळ आहेत. त्यांतल्या तीन सांगतों. सिमेंटचें किंवा लांबीचें पाणी मोरींत ओतूं नये; तें नळीच्या वांकांत बसून दगड होतें आणि मग फरशी फोडावी लागते. तें पाणी बादलींत निवूं द्यावें, वरचें पाणी काढावें, साका केराबरोबर पाठवावा. नळांच्या तोंडच्या जाळ्या काढून पाणी पांच मिनिटें मोकळें सोडावें. वाळू व दोऱ्याचे धागे निघून जातात. आणि विजेचे फलक पुसण्यापूर्वीं मुख्य बटण बंद करावें.

सफाई पूर्ण झाली कीं नाहीं हें दिवसाच्या उजेडांत कळत नाहीं. संध्याकाळीं दिवे मालवून हातांतली बॅटरी भिंतीला व फरशीला समांतर धरावी. तिरप्या प्रकाशांत धुळीचा पातळ थर, पुसण्याच्या पट्ट्या, रंगाचे थेंब सारे उठून दिसतात. मग एक पांढरें फडकें घ्यावें आणि दाराच्या चौकटीच्या माथ्यावरून, पंख्याच्या पात्यावरून, कपाटाच्या वरच्या खणांतून फिरवावें. ही पाहणी मुख्य सफाईच्या दिवशीं न करतां तिसऱ्या हप्त्यानंतर करावी आणि ठेक्याच्या रकमेचा चौथा हिस्सा तोंपर्यंत राखून ठेवावा. तसें आधींच बोलून ठेवलें असलें म्हणजे मुकादमहि रागावत नाहीं. या साऱ्याला, रंग वाळल्यापासून धरलें तर, तीन-चार दिवस लागतात. तेवढे दिवस हातांत ठेवूनच भटजींकडे मुहूर्त विचारावयास जावें.